तेनेरिफवाले दादा

थकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, मी स्वतःच त्यांच्यातली एक. पण दादा टेकचंदांइतकं नीटनेटकं थकणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. आधी खुर्ची पुसायची, कोट काढून तिच्या पाठीवर घडी करून टाकायचा, गुडघ्यांवर हात ठेवून हळूच बसायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "भली." सिंधीत भली म्हणजे असू दे. मग डोळे उघडून समोरच्याकडे असं बघायचं की जणू दुकान उघडलं, या, काय हवंय?

तेव्हा मी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात एका सिंधी शाळेत मराठी शिकवत होते. एकावन्न-बावन्न साल असेल. आमची शाळा म्हणजे लष्कराने सोडून दिलेली बराक. अर्ध्या बराकीत वर्ग, मग किंतानाचा पडदा आणि पडद्यापलीकडे संसार. मी बदलापूरहून यायची, अंबरनाथला उतरून पुढे टांगा मिळाला तर टांगा, नाहीतर पाय. घरी सासू-सासरे, नवरा अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर, आणि वर्गात ही पोरं! त्यांना मराठीशी काही देणंघेणं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांच्यावर रागवायचा हक्क वाटत नव्हता. घरदार सोडून आलेल्या पोराला 'बदक' शब्दाचं अनेकवचन विचारायचं म्हणजे माझंच मला कसंतरी व्हायचं. ओरडून ओरडून नाकी नऊ यायचे.

एक दिवस पडदा बाजूला झाला. डोक्यावर केस नाहीत, नाकाखाली पांढरी आखूड मिशी, अंगात त्या उकाड्यातही कोट, असे एक गृहस्थ हातात चहाची कपबशी घेऊन उभे.

"अदी," ते म्हणाले. त्यांच्यात बहिणीला अदी म्हणतात. "रोज तुमचा आवाज ऐकतो. आज आवाज बसला. चहा घ्या. आणि परवानगी असेल तर मी पाठीमागे बसतो. मराठी शिकायची आहे."

"तुम्हाला? आता ह्या वयात कशाला?"

"भाषा खोलीसारखी असते. वय झालं म्हणून कोणी मिळालेली खोली सोडतो काय?"

बसले. पोरांच्या मागे, जमिनीवरच. त्या दिवसापासून पोरं गप्प बसायला लागली. मला तेवढ्यासाठीच दादा देवासारखे वाटले, बाकीचं नंतर.

कॅम्पात त्यांना तेनेरिफवाले म्हणत. सिंधमधल्या हैदराबादेत पूर्वीपासून एक रीत होती. तिथल्या व्यापारी पेढ्यांची दुकानं जगभर. तरुण मुलं करारावर त्या दुकानांत जायची, दोन-तीन वर्षं राबायची, थोडे महिने घरी यायची, पुन्हा बोट. बायका-मुलं कायम इकडे. दादांचं सगळं तारुण्य तेनेरिफ नावाच्या बेटावर गेलं. बेट स्पेनचं. तिथे बोटी लागायच्या, उतारू उतरायचे आणि दादा काउंटरमागे उभे राहून त्यांना रेशीम, हस्तिदंती पंखे, भरतकामाचे टेबलक्लॉथ विकायचे. फाळणीची बातमी त्यांना तिथेच कळली. बायको आणि मुलगा कुठल्या बोटीने, कुठल्या बंदराला लागले काही पत्ता नाही. हातातलं काम टाकून आले, शोधत शोधत कल्याणला, आणि एका बराकीत दोघं सापडली. मुलगा मोहन तेव्हा मिसरूड फुटलेला. "मी त्याला ओळखलं," दादा सांगायचे, "त्यानं मला ओळखलं नाही. भली. त्याची काय चूक?"

परत जाणं झालं नाही. गुडघे गेले होते आणि जागा दुसऱ्याला दिली होती. बरोबर आणलं काय, तर एक कोट आणि स्पॅनिश भाषा. आता सांगा, उल्हासनगरात स्पॅनिशचं काय लोणचं घालायचं?

पण खरोखरच लोणच्यानेच सुरुवात झाली. त्या दिवसांत अख्खा कॅम्प काही ना काही बनवत होता. पापड, गोळ्या, कंगवे, अगरबत्त्या. आणि जगभरच्या सिंधी दुकानांत माल पाठवायची सगळ्यांची उमेद. इंग्रजी लेबल मुंबईतून कोणीतरी लिहून आणायचं आणि जो माल स्पॅनिश मुलखात जायचा, त्याचं लेबल दादांकडे यायचं. दादांची एक पद्धत होती. वस्तू वापरून बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.

लोणचंवाला आला. बाटलीवर इंग्रजीत 'हॉट' लिहिलेलं. म्हणाला, "दादा, एकच शब्द आहे, पटकन द्या." दादांनी बाटली उघडली, बायकोकडून, आमच्या भाभींकडून, भाकरी मागवली आणि शांतपणे जेवायला बसले. डोळ्यांतून पाणी, टक्कल लाल. मग म्हणाले, "इंग्लिश लोग कंजूस. एकच शब्द घेतात, सगळ्या घराला वापरतात. चहा पण हॉट, मिरची पण हॉट. स्पॅनिशमध्ये दोन आहेत. कालिएन्ते लिहिलं तर बाई बाटली चुलीवर ठेवेल. तुझं आहे पिकान्ते." आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

मी म्हटलं, "दादा, हे न खाताही कळलं असतं."

"अदी, न खाता मला शब्द कळला असता. लोणचं कळलं नसतं."

एकाने केसांचं तेल आणलं. दादांनी ते आठवडाभर टकलावर चोळलं! साऱ्या बराकीला जाईचा वास. शेवटी बाटली परत दिली आणि म्हणाले, "वास चांगला आहे, असं लिहितो. केस वाढतात असं लिहिणार नाही. माझ्याकडे बघ, तूच सांग." तेलवाला रागारागाने गेला. भाभी पडद्याआड तोंडाला पदर लावून हसत होत्या. भाभी, म्हणजे रुक्मणीभाभी, फार बोलायच्या नाहीत. नवऱ्याच्या सहवासाची सवयच नव्हती बिचारीला. त्यांच्या मांडीवर सदा भरतकाम. बराकीतल्या बऱ्याच बायका सेठ हासारामसाठी टेबलक्लॉथ भरून द्यायच्या आणि त्यांत भाभींचा हात सगळ्यांत सुरेख.

ही वापरून बघायची खोड दादांना कुठे लागली, ते मला एका एकादशीला कळलं. त्यांनी चहा आणला, मी म्हटलं, "आज नको, उपास आहे. फास्ट."

दादा हसायलाच लागले. असे मोकळे हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. खुर्ची पुसली, कोट काढला, बसले. "ह्या फास्टनं मला मार खायला लावला, अदी."

नवे नवे तेनेरिफला गेलेले. भाषा डिक्शनरीतून शिकत होते. दुकानात रुमाल आले, वर इंग्रजी शिक्का, 'फास्ट कलर'. डिक्शनरीत पहिलाच अर्थ जलद. झालं! हा बहाद्दर येईल त्या गिऱ्हाइकाला स्पॅनिशमध्ये ऐटीत सांगतोय, रंग रापिदो आहे हो, रंग फार जलद आहे. लोक हसत, घेत. एक धोबीण होती, कार्मेन नावाची, तिने एक तांबडा रुमाल घेतला आणि मालकिणीच्या पांढऱ्या कपड्यांबरोबर धुतला. सगळे कपडे गुलाबी. बाई तसाच ओला पिळा घेऊन दुकानात आली आणि तोच ह्यांच्या तोंडावर हाणला. म्हणाली, खरं बोललास रे, फारच जलद गेला तुझा रंग!

"तिची नोकरी गेली," दादा म्हणाले. आता हसत नव्हते. "मग तीच मला भाषा शिकवायला लागली. म्हणाली, बरोबर शब्द आहे फिर्मे. घट्ट. पण शब्द शिकून काय करशील, रुमाल तर तसाच आहे. आधी धू, मग बोल."

तेव्हापासून कापडाचं लेबल आलं की दादांची बादली. रात्रभर भिजवायचं, चोळायचं, पांढऱ्या फडक्यावर पिळायचं, फडकं उजेडात धरायचं. तेव्हा कुठे 'फिर्मे' लिहायचं. त्यांनी मला विचारलं, मराठीत ह्याला काय म्हणतात? मी म्हटलं, पक्का रंग. "पक्का!" त्यांनी तो शब्द तोंडात गोळीसारखा घोळवला. "हा चांगला आहे. ऐकूनच विश्वास बसतो."

मोहनचा जीव मात्र टांगणीला होता. शिक्षण अर्धवट राहिलेलं. गाडीत लिमलेटच्या गोळ्या विकायचा आणि संध्याकाळी पायाचे तुकडे पडल्यासारखा येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्याला तेनेरिफला जायचं होतं. दादांनाही त्याला तिथेच पाठवायचं होतं. तेवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी मुलाला देण्यासारखी होती, त्या दुकानाची ओळख आणि ती भाषा. भाभींना ते नको होतं. त्या एवढंच म्हणायच्या, "एक दिला ना बोटीला." पण मुलाचं भिंतीकडचं तोंड बघून त्याही गप्प व्हायच्या. संध्याकाळी बापलेक बसायचे. दादा गिऱ्हाईक व्हायचे, मोहन दुकानदार. मुलगा चुकला की दादा ओरडत नसत, भली म्हणायचे आणि पुन्हा दारातून आत यायचे. गुडघे दुखत असताना उठून, बाहेर जाऊन, पुन्हा आत. मला ते बघवत नसे, पण तो मुलगा बापाला त्या दिवसांत ओळखायला लागला होता, हेही मी बघत होते.

जागा सेठ हासारामच्या हातात होती. त्याच्या भावाचं तिथे दुकान. सेठ काही वाईट माणूस नव्हता, उगाच कशाला म्हणू? तोही असाच पांगलेला, धडपडणारा. एका दुपारी टांग्यातून आला. शाळा नुकती सुटलेली, मी पडद्यापाशी वह्या आवरत होते. त्याने टेबलक्लॉथ उलगडला. पांढरं शुभ्र कापड, चारी कोपऱ्यांत लाल फुलं. मी तर बघतच राहिले.

"दादा, माल उद्या गोदीत जातोय. लेबल आजच छापायला द्यायचंय. पक्का रंग, एवढंच लिहा. आणि मोहनला सांगा, बोटीचं ठरलं. भावाचा होकार आला."

दोन्ही गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या. त्याने त्या जोडल्या नव्हत्या, धमकी तर मुळीच दिली नव्हती. पण दादांच्या कानात त्या जोडूनच गेल्या असणार.

भाभींनी सवयीने बादली भरून आणली. हलक्या आवाजात म्हणाल्या, "लाल दोरा नव्या रंगाऱ्याकडचा आहे."

दादांनी कापडावर हात फिरवला. फूल उलटं करून बघितलं.  सेठ घड्याळ बघत होता. रात्रभर भिजवायला वेळ कुठला?

"राहू दे," दादा भाभींना म्हणाले. आणि खुर्ची न पुसता, उभ्या उभ्याच लेबलाच्या कागदावर लिहून दिलं. भाभींनी बादली उचलली आणि बाहेरच्या कोथिंबिरीला पाणी घातलं.

मला काय वाटलं? मोहनचं बरं झालं, एवढंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

मोहन गेला. भाभी निरोप द्यायला दारापर्यंतच आल्या. दादा मुंबईपर्यंत गेले आणि परत आल्यावर वर्गात येऊन पोरांच्या मागे बसले. त्या दिवशी मी पोरांना चित्रं काढायला लावली.

वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. मोहनची खुशाली यायची. मग एक दिवस तेनेरिफच्या त्याच दुकानातला गोबिंद नावाचा माणूस रजेवर आला आणि मोहनचा निरोप घेऊन बराकीत आला. भाभींनी मलाही चहाला बोलावलं. खजूर, साबण, आणि त्या सगळ्याखालून गोबिंदने एक टेबलक्लॉथ काढला. सेठच्या त्याच मालातला. लाल फुलं फिकी पडलेली आणि सगळं पांढरं कापड गुलाबी डागांनी भरलेलं. आजारी माणसाच्या अंगावर पुरळ उठावं तसं.

गोबिंद हसत हसतच सांगत होता. त्याला काय ठाऊक? "बायका दुकानात येऊन भांडतात, दादा. मालक म्हणतात, परत घ्या, मिटवा. पण तुमचा मोहन ऐकत नाही! काउंटरवर उभा राहून सांगतो, हा शब्द माझ्या वडिलांनी लिहिलाय, माझे वडील धुतल्याशिवाय लिहीत नाहीत, तुमचीच धुण्यात काहीतरी चूक झाली. मालकांशी पण भांडला. त्यानं तुम्हाला विचारायला सांगितलंय, तुम्ही गरम पाण्यात धुतलं होतं की गार? साबण कुठला? म्हणजे त्याला बायकांना नीट सांगता येईल."

चहा तसाच निवत राहिला. भाभी खाली बघत होत्या. मुलाने 'धुतलं होतं का' असं विचारलंच नव्हतं. त्याच्या मनात ती शंकाच आली नव्हती. मला गोबिंदकडे बघवेना, दादांकडे तर नाहीच.

"मी त्याला लिहितो," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. मला त्यांची इतकी दया आली की मी सरळ म्हटलं, "दादा, लिहून टाका, गार पाण्यात. काय बिघडतं? इतक्या लांबून कोण बघायला येतंय?"

"तो तिथं उभा आहे, अदी." त्यांचा आवाज चढला, माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचा. "लोकांसमोर, माझ्या शब्दावर उभा आहे. मी अजून एक खोटा शब्द दिला, तर तो त्याच्यावरपण उभा राहील. पोराला किती वेळ उभं करू?"

त्यांनी खरं काय ते लिहिलं. धुतलं नव्हतं. तुझ्या जागेसाठी घाई केली. आता बायकांची माफी माग आणि मालक म्हणतील तसं कर. मला वाचून दाखवलं आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकून आले.

मग उत्तराची वाट. काय दिवस गेले ते! दादा लेबलं घेईनात. कोणी आलं की, आज नको, उद्या. पोस्टमन बराकीवरून जायचा तेव्हा ते मुद्दाम पाठ करून बसायचे आणि तो पुढे गेला की भाभींना विचारायचे, गेला का? मला वाटायचं, मुलगा आता पुन्हा ह्या माणसाला ओळखणार नाही. भाभी एकदा मला म्हणाल्या, "अदी, मी त्याला सिंधहून बोटीनं आणलं तेव्हा पण इतकी घाबरले नव्हते."

उत्तर आलं. दादांनी ते भाभींसमोर आणि माझ्यासमोर वाचलं. मोहनने बापाला एका शब्दाने बोल लावला नव्हता. लिहिलं होतं, बायकांना मी सांगितलं, माझे वडील म्हातारे झालेत, त्यांना आता डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून चूक झाली. मग कुणी भांडलं नाही. एक बाई तर रडली आणि तुमच्यासाठी मेणबत्ती लावते म्हणाली. मालकही गप्प बसले. तुम्ही काळजी करू नका.

भाभींनी डोळे पुसले. दादांनी कागदाची घडी घातली. "चांगलं केलं त्यानं," ते म्हणाले. एवढंच.

पुढे मला बदलापूरच्या शाळेत जागा मिळाली आणि कॅम्प सुटला. मध्ये दोन-चार वर्षं गेली. नणंदेच्या लग्नाचं कापड घ्यायला एकदा तीन नंबरात गेले होते. बराकींच्या पुढे आता दुकानं झाली होती, ओळखू येईना. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून हाक आली, "अदी! जपून! चपलेचा अंगठा तुटलाय!"

दादा. दारात खुर्ची टाकून, कोट घालून. मी रस्ता ओलांडून गेले. मी वाळले आहे, पुढचे केस पिकले आहेत, पिशवीला नवं बूड शिवलं आहे, सगळं त्यांनी बसल्या जागेवरून हेरलं. भाभींनी आतून पाणी आणलं. मोहन बरा आहे, त्याचा पगार वाढला, पुढच्या वर्षी येणार आहे.

बोलत होतो, तोच एक तरुण बिस्किटांचा डबा घेऊन आला. "तेनेरिफवाले दादा तुम्हीच ना? लेबलाचे दोनच शब्द हवे होते, स्पॅनिशमध्ये."

दादांनी हात पुढे केला. डब्यापर्यंत नेला नाही, हवेतच चाचपला. "बेटा, मला दिसत नाही आता."

"मी वाचून दाखवतो ना, दादा."

"न बघता मी लिहीत नाही. दुसरा कोणी बघ."

तो मुलगा हळहळत गेला. मी दादांकडे बघतच राहिले.  शेवटी म्हटलं, "दादा, हे काय? कधीपासून?"

"मोहननं सांगितलंय ना तिकडे," ते हळूच म्हणाले. "इकडचे लोग जातात येतात, अदी. कोणी तिथं जाऊन बोललं की दादा तर चांगला बघतो, लेबलं लिहितो, तर? माझा शब्द गेला तो गेला. मुलाचा खोटा कसा पाडू?"

मग डोळे मिटून म्हणाले, "भली."

मी उठले. तुटक्या चपलेने रस्ता ओलांडायला लागले, तेव्हा उजवीकडून येणारा टांगा मला दिसलाच नाही. तो दादांनीच ओरडून दाखवला.